सरांचा पॉज

गेल्या फेब्रुवारीत आमच्या विभागाच्या वार्षिक नाट्यमहोत्सवात मी वाक्य विसरलो. अकरा वर्षांनी तोंडाला रंग लावून उभा होतो, तोही नाइलाजाने. निवृत्त पोस्टमास्तरांची भूमिका ज्या मुलाकडे होती त्याला प्रयोगाच्या नऊ दिवस आधी मुंबईला एका मालिकेत काम मिळाले आणि तो रात्रीच्या गाडीने निघून गेला. त्याला अडवण्याचा नैतिक अधिकार विभागात कोणालाच नव्हता. मला तर नव्हताच. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर पोस्टमास्तर खुर्चीत बसलेले असतात, मुलगी बाहेरून येऊन दारात थांबते, आणि त्यांनी एवढेच म्हणायचे असते : "दार लावून घे. वारा आत येतोय." सहा शब्द. आवाज नको म्हणून सभागृहातील पंखे बंद केलेले होते, डोक्यावरचा स्पॉट टाळू भाजत होता, तोंडावरचा पॅनकेकचा रंग घामाबरोबर ओघळून भुवईपाशी जमू लागला होता, आणि त्या सहा शब्दांच्या जागी माझ्या डोक्यात नुसत्या सारवलेल्या भिंतीसारखे काहीतरी कोरे पसरले होते. दारातील मुलगी प्रसंगावधान राखून ओढणी सारखी करत राहिली. तिसऱ्या रांगेत कोणाच्या तरी हातातील चिप्सच्या पिशवीचा चुरचुर आवाज थांबला. वाक्य पडले आहे हे प्रेक्षकांना कळले की आधी पिशव्या थांबतात. तेवढ्यात डाव्या विंगेतून, संहिता हातात धरून उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला वाक्य दिले : "दार… लावून घे."

मी वाक्य घेतले, नाटक पुढे गेले, शेवटी टाळ्याही पडल्या. पण घरी जाताना, आणि त्यानंतर कित्येक दिवस, माझ्या कानात घुटमळत राहिला तो 'दार'नंतरचा तो लहानसा खड्डा.

वाक्य विसरण्याची मला लाज वाटली नाही. मोठमोठे नट विसरलेले मी पाहिले आहेत, आणि सावरण्याच्या त्यांच्या युक्त्याही पाहिल्या आहेत : चष्मा शोधणे, पाणी पिणे, समोरच्या नटावर उगाच डाफरणे. मला खटकले ते दुसरेच. प्रॉम्प्टिंग कोरे असावे, त्यात भाव नसावा, पहिला शब्द सपाट आवाजात द्यावा आणि बाकीचे नटावर सोडावे, हे त्या मुलीला मीच शिकवले होते. तिने मात्र अख्खे वाक्य दिले आणि तेही सजवून. ग्रीनरूममध्ये तोंडाला खोबरेल लावत असताना मी तिला विचारले, "पॉज कशाला दिलास गं?" ती गोंधळली. "सर, तुम्ही असंच म्हणता ना. मला वाटलं, तुम्ही पॉजपण विसरलात."

आमच्याकडे त्याला 'सरांचा पॉज' म्हणतात, हे मला माहीत होते. निरोप समारंभात दर वर्षी कोणीतरी माझी नक्कल करते, चष्मा नाकावर आणून, हजेरीपुस्तक उघडून, "आज… कोण आलं नाही?" असे म्हणते आणि सभागृह कोसळते. मीही हसत आलो आहे. नक्कल झाली म्हणजे आपण रुजलो, असे एक सोयीस्कर समाधान शिक्षकाला मिळत असते. त्या रात्रीनंतर मात्र मी मोजू लागलो. आमचा एक माजी विद्यार्थी एका मालिकेत नायिकेच्या सासऱ्याचे काम करतो. तो "सूनबाई" म्हटल्यावर थांबतो. दुसरा बीड जिल्ह्यातील एका शाळेत शिकवतो आणि मुलांची बालनाट्ये बसवतो. त्याच्या नाटकातील दहा वर्षांचा ससा "कोल्होबा" म्हणून थांबतो. पंचवीस वर्षांत साडेतीनशे-चारशे मुले माझ्या हाताखालून गेली. त्यांना मी स्तानिस्लाव्हस्की शिकवला, ब्रेख्त शिकवला, भरताचे चार अभिनय शिकवले, आणि त्यांच्या अंगाला चिकटला तो पहिल्या शब्दानंतरचा दीड सेकंद.

मी नट होतो असे आता म्हणताना जीभ किंचित अडखळते, पण होतो. १९८९ साली राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत पहिल्यांदा उभा राहिलो, पुढे दोन वर्षांनी अभिनयाचे रौप्यपदक मिळाले, आणि त्या पदकाच्या भरवशावर सहा-सात वर्षे व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांवर हिंडलो. दौरा म्हणजे काय हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको : सांगलीचा रात्रीचा प्रयोग उतरला की सेट टेम्पोत, आपण बसमध्ये, पहाटे कुठल्या तरी फाट्यावर कांदेपोहे आणि दुपारी इचलकरंजी. माझी नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, तीनशे रुपये होती. महिन्यात वीस प्रयोग लागले तर संसार चालायचा, बारा लागले तर बायकोचा पगार चालवायचा. मुलगी झाली त्या रात्री मी बेळगावात होतो आणि तिसऱ्या अंकात बाप मेल्यावर रडायचे ते त्या दिवशी रडता आले नाही. पुढच्याच वर्षी एका विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर जागा निघाल्याची जाहिरात कोणीतरी कापून आणून दिली. नाटक सोडतो आहे असे वाटू नये म्हणून मी स्वतःला सांगितले, दोन वर्षे करून पाहू.

पहिल्या तासाला मी चाळीस पानांची टिपणे घेऊन गेलो होतो. ती बारा मिनिटांत संपली. उरलेल्या वेळाचे काय करावे हे न सुचून मी नटाला जे सुचते ते केले : टेबल बाजूला सरकवले आणि त्यांना एक स्वगत करून दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खडूची धूळ उडत होती, खिडकीतून मेसच्या फोडणीचा वास येत होता, आणि सकाळी अकरा वाजता, रंग नाही, प्रकाश नाही, तरी चौदा जणांचे श्वास माझ्या ताब्यात होते. मी त्याच दिवशी फसलो. पुढची कित्येक वर्षे अडले की करून दाखवायचे, हा माझा अध्यापनाचा मार्ग झाला.

करून दाखवणे हा आपल्याकडे दोष मानला जात नसे, हेही खरे. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांतील तालीम मास्तर हा नाट्यशिक्षकाचा सख्खा पूर्वज. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आधी बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात आले, किर्लोस्कर मंडळीत त्यांनी भूमिका केल्या, आणि नट म्हणून त्यांना आज कोणी आठवत नसले तरी नाटककार आणि तालीम मास्तर म्हणून सगळे आठवतात. गणपतराव बोडसांसारखा नट आयुष्यभर देवलांच्या तालमीचे ऋण सांगत राहिला. शब्द कुठे तोडायचा, कुठे दाबायचा, मान कोणत्या शब्दावर वळवायची, हे मास्तर स्वतः करून दाखवत आणि नटाकडून घोटून घेत. एका अर्थाने ती नक्कलच होती. पण मंडळीतील पोरगा मास्तरांबरोबर एकाच बिऱ्हाडात वर्षानुवर्षे राहत असे, एकच भूमिका गावोगाव शेकडो वेळा करत असे, आणि त्या शेकडो प्रयोगांत मास्तरांची चाल घासून घासून झिजत जाई आणि खालून त्याची स्वतःची वर येई. आमच्याकडे चार सत्रे असतात. त्यांत दोन नाटके, आणि प्रत्येकाचे दोन प्रयोग. फार झाले तर तिसरा एखाद्या महोत्सवात. माझी चाल त्यांच्या अंगावरून झिजायला वेळच मिळत नाही. ती ओली असतानाच पदवी मिळते आणि मग ती तशीच वाळते.

नटाने शिक्षक व्हावे की नाही, यावर आमच्या कँटीनमध्ये पूर्वी वाद होत. कोणीतरी सतीश आळेकरांचे उदाहरण देई : १९७४ साली 'महानिर्वाण' लिहिले, बसवले, त्यात नानाची भूमिका स्वतः केली, नोकरी मात्र वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनाची, आणि पुढे १९९६ पासून २००९ पर्यंत पुण्याचे ललित कला केंद्र सांभाळले. मला ते उदाहरण वादात फारसे उपयोगी वाटत नसे. आळेकरांपाशी लिहिलेले नाटक होते. नट म्हणून ते रंगमंचावरून उतरले तरी नाटक शिल्लक राहत होते. ज्याच्यापाशी फक्त शरीर आणि आवाज आहे त्याचे काय, हा माझा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला आमच्याच अभ्यासक्रमात, तिसऱ्या सत्रात, पाच गुणांच्या टिपेत पडून असलेले सापडले.

ती टीप रशियन नट आणि अभिनयशिक्षक मिखाईल चेकॉव्ह यांच्यावरची. 'सायकॉलॉजिकल जेश्चर' एवढाच शब्द मुले पाठ करतात. मीही वीस वर्षे त्यांना तेवढ्याचसाठी शिकवले. या उन्हाळ्यात मात्र, तो खड्डा कानात घेऊन, मी त्यांचे चरित्र एका समव्यवसायी माणसाचे म्हणून पुन्हा वाचले. नाटककार अंतोन चेकॉव्ह यांचा हा पुतण्या, १८९१ चा जन्म, ठेंगणा, किडकिडीत, आवाज काहीसा घोगरा. नायकाला लागते त्यांपैकी जवळपास काहीच नसलेला. १९१२ मध्ये तो मॉस्को आर्ट थिएटरमध्ये आला आणि १९२१ या एकाच वर्षात वाख्तांगोव्हच्या हाताखाली स्ट्रिंडबर्गचा वेडसर राजा एरिक आणि स्तानिस्लाव्हस्कीच्या हाताखाली गोगोलचा थापाड्या ख्लेस्ताकोव्ह अशा दोन टोकांच्या भूमिका त्याने केल्या. ज्यांनी पाहिल्या त्यांनी लिहून ठेवले आहे आणि त्या लिहिण्यात एक प्रकारची हतबलता आहे, कारण चांगल्या अभिनयाचे वर्णन करू जावे तर हाती फक्त विशेषणे लागतात. पण मला थांबवले ते त्याच्या आधीच्या तीन वर्षांनी. क्रांतीच्या सुमारास हा माणूस नैराश्याने आणि दारूने इतका खचला होता की रंगमंचावर उभे राहणे त्याला जमेना. आणि नेमके तेव्हा, १९१८ साली, त्याने मॉस्कोतील आपल्या घरात तरुण मुलांसाठी अभिनयाचा वर्ग सुरू केला. मी समजत होतो की नट थकला की शिकवतो. इथे बुडणारा नट शिकवण्याला धरून वर आला आणि त्यानंतर त्याने आपली सर्वांत मोठी कामे केली.

पुढची कथा भाषेची आहे. १९२४ मध्ये हॅम्लेट केला, दुसऱ्या मॉस्को आर्ट थिएटरची सूत्रे हाती आली, रुडॉल्फ स्टायनरच्या अध्यात्मविचाराचा नाद लागला, आणि तो नाद सोव्हिएत राज्यात परवडणारा नव्हता. १९२८ मध्ये ते देश सोडून गेले आणि परत आले नाहीत. चित्रकार आपले रंग घेऊन जाऊ शकतो, गवई गळा घेऊन जाऊ शकतो. शब्दांच्या नटाचे प्रेक्षक मात्र सीमेपलीकडे येत नाहीत. दिग्दर्शक मॅक्स राइनहार्टने त्यांना व्हिएन्नात स्किड नावाच्या विदूषकाची भूमिका दिली, जर्मनमध्ये. त्या प्रयोगाविषयी चेकॉव्हनी स्वतः सांगितलेला अनुभव आहे : परक्या भाषेत बोलता बोलता त्यांना एकाएकी स्किड बाहेरून दिसू लागला, तो कसा बसला आहे, आता कसा उठेल, त्याचे दुःख कोणत्या जातीचे आहे, हे सगळे ते जणू प्रेक्षागारातून, बाजूने, वरून पाहत होते, आणि पाहत असतानाच अभिनय अधिकाधिक मोकळा होत गेला. नट दोन झाला आणि दोघेही शांत होते.

हे वाचले आणि मी पुस्तक उपडे ठेवले.

कारण त्या रात्री, पोस्टमास्तरांच्या खुर्चीत, मलाही मी बाहेरून दिसत होतो. वाक्य पडण्याच्या आधीचे काही क्षण मी प्रयत्नपूर्वक आठवले तेव्हा हे लक्षात आले. मी पाहत होतो की या इसमाचा उजवा खांदा आखडला आहे. की याने मुलीकडे पाहिले ते अर्धा सेकंद लवकर पाहिले. की आवाज डोक्यातून येतो आहे, पोटातून नाही. की वाचिकला, म्हणजे बोलण्याला, दहापैकी सहा, आंगिकला, म्हणजे शरीराच्या हालचालींना, साडेपाच. मी गुण देत होतो. दर सत्राच्या शेवटी बाह्य परीक्षकाशेजारी बसून, चहाचा कप गुणपत्रिकेवर ठेवून, पंचवीस वर्षे मी जे करत आलो तेच मी रंगमंचावर बसून स्वतःला करत होतो, आणि परीक्षकाला नाटकातील पुढचे वाक्य पाठ असण्याचे काही कारण नसते. चेकॉव्हचा तो पाहणारा आणि माझा हा पाहणारा एकाच घरातील, पण एकाने नटाला मोकळे केले आणि दुसऱ्याने त्याची साडेपाचवर बोळवण केली. शिक्षकी पेशाने माझे काय नेले असे मला कोणी विचारले तर मी हे सांगेन : आपण काय करतो आहोत हे न कळता ते करण्याची ताकद. वर्गात प्रत्येक गोष्टीला नाव द्यावे लागते. नाव दिलेली गोष्ट पुन्हा सहज घडत नाही. निदान माझ्याकडून घडत नाही.

चेकॉव्ह मात्र नावे देत राहिले आणि सुकले नाहीत. १९३६ साली इंग्लंडमध्ये डेव्हनमधील डार्टिंग्टन हॉल येथे त्यांनी नाट्यशाळा काढली. डार्टिंग्टनचे एल्महर्स्ट हे रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात काम करून गेलेले गृहस्थ, आणि त्याच साली उदयशंकरांचा नर्तकसंघही तिथे मुक्कामाला होता. हिरवळीवर एका बाजूला रशियन उच्चारांचे इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला पखवाज, असे काहीतरी मला उगाच ऐकू येते. चेकॉव्ह इंग्रजी शिकत शिकत शिकवत होते. एक शिष्या त्यांचा वर्ग लघुलिपीत टिपून घेत असे आणि मग टंकलिखित करत असे. म्हणजे ख्लेस्ताकोव्हची काही छायाचित्रे उरली आणि वर्गातील बोलण्याची पानेच्या पाने उरली. युद्धाच्या सावटात शाळा अमेरिकेत कनेक्टिकटमधील रिजफील्डला हलली, १९४२ मध्ये मुले सैन्यात जाऊ लागल्यावर बंद पडली, आणि मास्तर हॉलीवूडला गेले. तिथे हिचकॉकच्या एका चित्रपटातील वृद्ध मनोविश्लेषकाच्या कामासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, मेरिलिन मन्रोसारखी माणसे त्यांच्याकडे शिकायला येत, १९५३ मध्ये पुस्तक निघाले आणि १९५५ च्या सप्टेंबरात ते गेले. डार्टिंग्टनची शाळा ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली त्या बिअॅट्रिस स्ट्रेट या शिष्येला १९७७ च्या सोहळ्यात सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, जेमतेम पाच मिनिटांच्या भूमिकेसाठी. मी ती पाच मिनिटे चार वेळा पाहिली. तिच्यात चेकॉव्हची एखादी लकब दिसते का हे मी शोधत होतो, शेजाऱ्याच्या घरात आपली चोरीला गेलेली वस्तू शोधावी तसा. मला काही सापडले नाही.

आणि सापडू नये अशीच त्यांची शिकवण होती. भूमिकेच्या मूळ इच्छेला एक ठसठशीत हालचाल शोधायची, ती पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत सगळ्या शरीराने पुन्हा पुन्हा करायची, आणि प्रयोगाच्या वेळी गिळून टाकायची. प्रेक्षकाला ती दिसायची नाही. तिच्यामुळे बाकीचे सगळे दिसायचे. मी पाच गुणांच्या टिपेत हा 'गिळून टाकण्याचा' भाग दर वर्षी फळ्यावर अधोरेखित करत असे. आणि त्याच तासाला उत्साहाच्या भरात "म्हणजे बघा…" म्हणून करूनही दाखवत असे. मुलांनी अधोरेखित केलेले वहीत ठेवले आणि करून दाखवलेले अंगात.

आता त्या पॉजची जन्मकथा सांगायला हरकत नाही. ही मी वर्गात कधी सांगितलेली नाही. विभागातील सहकाऱ्यांनाही नाही. ज्या नाटकाला मला रौप्यपदक मिळाले त्यात मी घरात चोरी करणाऱ्या थोरल्या मुलाचे काम करत होतो. बाप विचारतो, सगळे गप्प, आणि मग मी म्हणायचे : "पैसे मी घेतले." आमचे प्रॉम्प्टर एक निवृत्त तलाठी होते. अत्यंत सज्जन, संहिता बोटाने धरून ओळ न ओळ वाचणारे, आणि चोवीस तास तोंडात तंबाखूचा बार. त्या दिवशी मी "पैसे" म्हणालो आणि पुढे कोरा झालो. विंगेकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले तर तलाठीसाहेब दोन्ही गाल फुगवून, डोळे विस्फारून, हातानेच "थांब, थांब" करत होते. ते मागे वळले, कोपऱ्यातील वाळूच्या डब्यापर्यंत गेले, तोंड मोकळे केले, परत आले आणि हळूच म्हणाले, "मी घेतले." मी म्हणालो, "मी घेतले." मध्ये किती वेळ गेला हे मला सांगता येणार नाही, मला तो एका अंकाएवढा वाटला. निकालाच्या दिवशी एका परीक्षकांनी भाषणात सांगितले की 'पैसे' या शब्दानंतरचा विराम हा या फेरीतील सर्वांत उंच क्षण होता, त्या विरामात त्या मुलाचा सगळा अपराध आणि सगळा अभिमान दिसला. टाळ्या पडल्या. तलाठीसाहेब माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि कानाशी येऊन म्हणाले, "बार जरा जादाच झाला होता."

त्यानंतर मी तो विराम सोडला नाही. दौऱ्यावर प्रत्येक भूमिकेत कुठे ना कुठे तो घातला. पुढे वर्गात त्याला तात्त्विक बैठक दिली : पहिला शब्द प्रेक्षकाच्या हातात ठेवायचा, त्याला वाक्य मनात पूर्ण करू द्यायचे, आणि मग आपण पूर्ण करायचे. हे काही खोटे नाही. पुष्कळदा उत्तम चालते. पण ससा थांबतो तेव्हा, सासरा थांबतो तेव्हा, मला आता त्या दीड सेकंदात वाळूच्या डब्याकडे जाणारी पावले ऐकू येतात. त्याचे हसू येते, आणि हसण्याखाली काहीतरी बोचत राहते. ते तलाठीसाहेब जाऊन पंधरा-सोळा वर्षे झाली. त्यांच्या नावावर एकही भूमिका नाही, आणि महाराष्ट्रभर त्यांचा पॉज घेतला जातो आहे.

महोत्सवातील दुसरा प्रयोग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. दुपारी मी त्या मुलीला बोलावून घेतले. आमच्या तालमीच्या खोलीत सतरंज्या गुंडाळलेल्या होत्या आणि आदल्या दिवसाच्या नारळाचे पाणी कुठेतरी सांडून आंबले होते. मी तिला म्हणालो, वाक्य पुन्हा पडले तर कोरे दे. तुझे नको, माझे नको, कोणाचेच नको. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "कोरं म्हणजे कसं, सर? एकदा करून दाखवा ना."

मी करून दाखवायला गेलो. "दार" म्हणालो, आणि थांबलो. पुन्हा म्हणालो. पुन्हा थांबलो. तिसऱ्या वेळी आम्ही दोघेही हसू लागलो, पण ती माझ्यापेक्षा आधी थांबली आणि माझ्याकडे जरा काळजीने पाहू लागली. घरी जाऊन मी न्हाणीघरात, बादलीत पाणी सोडून, ते वाक्य वीसेक वेळा सलग म्हणण्याचा प्रयत्न केला. बायकोने दाराबाहेरून विचारले, "कुठलं दार लावू?"

संध्याकाळी तिसरी घंटा झाली. पंखे बंद झाले. दुसऱ्या अंकापर्यंत काही अडचण आली नाही. खांदाही मोकळा होता, कारण दुपारच्या हसण्याने परीक्षक बहुधा कुठेतरी बाजूला झाला होता. मुलगी बाहेरून आली आणि दारात थांबली. सहाच्या सहा शब्द मला समोर लख्ख दिसत होते. मी "दार" म्हणालो, आणि डाव्या विंगेत तिने श्वास आत घेतल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.